हिंदुराव गवळ्यांची रांगडी

गाडीबद्दल मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही, तोही चौकात उभ्या असलेल्या नव्या गाडीला एक चक्कर मारतो, वाकून चाकं बघतो आणि "मागनं जरा जड वाटती" असा निकाल देऊन चहाला जातो. आमच्या 'रांगडी'वर तर मतांचा नुसता पूर लोटला होता. समोरची जाळी उगाच रागीट आहे. दिवे बारीक डोळ्यांचे आहेत. डॅशबोर्डवरचा पडदा एवढा मोठा आहे की त्यावर लग्नाची फिल्म लावावी. मालकाच्या मागे आपोआप चालत येणारी सोय कशाला दिली आहे ते देवाला ठाऊक. आणि विजेवरची म्हणून आवाजच नाही, तर ही कसली मसल कार? ही सगळी मतं वाचायचं काम माझ्याकडे होतं, कारण गाडीच्या अंगाची जबाबदारी माझी होती. अंग हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

मी प्रणोती गवळी. कोल्हापूरची, गंगावेशीतली. पॉलिमर रसायनात डॉक्टरेट केली आणि गोकुळ शिरगावातल्या एका गाडी कंपनीत लागले. बाकीचे लोक मसल कार म्हणतात आणि पत्र्याला फुगवटे काढून मोकळे होतात. आम्ही वरच्या कातडीखाली खरोखरचे स्नायू घातले, आणि ते स्नायू मी बनवले. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. होऊ दे.

कल्पना तशी सोपी आहे. माणूस जोर-बैठका काढतो तेव्हा त्याच्या स्नायूतले बारीक धागे तुटतात. शरीर ते सांधतं, आणि सांधताना पहिल्यापेक्षा जाड करतं. आमच्या जेलीत दोन जाळी एकमेकांत विणलेली असतात, एक ताठ आणि एक लवचिक. गाडी वळणावर झुकली, वारा अंगावर आला की ताठ जाळ्यातले धागे तुटतात. तोवर लवचिक जाळं सगळं धरून ठेवतं. तुटलेली टोकं रासायनिकदृष्ट्या भुकेली असतात. अंगातून फिरणाऱ्या द्रवातले छोटे रेणू ती पकडतात, त्यांची साखळी करतात आणि नवा, जास्त दाट धागा तयार होतो. त्या द्रवाला आम्ही प्रयोगशाळेत गमतीनं 'खुराक' म्हणायचो, आणि पुढे तेच नाव चिकटलं.

थोडक्यात, गाडी जिथे राबते तिथे भरते. घाटात पळणारी खांद्यात भरेल, हायवेवरची कमरेत बारीक होईल. कारखान्यातून सगळ्या सारख्या, सपाट निघतील आणि वर्षभरात प्रत्येकीचं अंग तिच्या चालवणाऱ्यानं घडवलेलं असेल. गाडी दाखवण्याच्या पहिल्या कार्यक्रमात कोणीतरी विचारलं होतं, "मग गर्दीनं हात लावला तर?" मी ठणकावून सांगितलं होतं, "हाताच्या जोरानं काही होत नाही." ते मी मोजूनही बघितलं होतं, प्रयोगशाळेत, कोरड्या हातांनी.

चाचणीसाठी काही गाड्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून शौकिनांना द्यायचं ठरलं. त्यांनी त्या हव्या तशा पळवायच्या, वसुबारसेला कंपनीच्या आवारात आणायच्या आणि सर्वांत देखणं अंग कोणाचं यावर भांडायचं. कंपनीतल्या काही जणांनाही एकेक मिळाली. माझ्या वाट्याची मी आप्पांना दिली.

आप्पा म्हणजे माझे वडील, हिंदुराव गवळी. कोल्हापुराबाहेरच्यांसाठी इथे थोडं सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा सगर निघतो. म्हशी धुऊन, तेल लावून चमकवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, डोक्यावर मोरपिसं खोवतात. पुढे मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर, आणि त्या आवाजामागे त्याची म्हैस पळत असते. रस्त्याच्या दोन्ही कडांना बघे, आणि प्रत्येक बघ्याला मत. कोणाची कांती, कोणाची शिंगं, कोणाचे मागचे पुठ्ठे. आप्पांनी जन्मल्यापासून एकही सगर चुकवला नव्हता. पण शहरातले गोठे बाहेर हलवले, आप्पांच्या म्हशी लांब पुतण्याच्या गोठ्यात गेल्या आणि त्याच्याच झाल्या, आणि दारात राहिलेली एकटी चंद्री गेल्या उन्हाळ्यात म्हातारी होऊन मेली. येत्या पाडव्याला आप्पा कडेला उभे राहून बघणार होते. घरात हे कोणी तोंडावर आणत नव्हतं.

गाडी दारात लावली तेव्हा त्यांनी तिला सावकाश फेरी मारली. काळाभोर रंग त्यांना आवडलेला दिसला.

"हिला शिंगं कुठायत?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, गाडी आहे ही."

"गाडी हाय ते दिसतंय की मला. पर तोंड बघ जरा. भुकेली हाय."

"खुराक टाकीत भरलेला असतो. तुम्ही नुसती चालवा."

"मला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि चंद्रीचा दोर बांधायचे त्या खुंटीसमोर त्यांनी गाडी लावून घेतली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मागची सीट आडवी करून दुधाच्या किटल्या भरल्या आणि पुतण्याच्या गोठ्यापासून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापर्यंत रांगडीच्या फेऱ्या सुरू केल्या. कोणीतरी फोटो टाकला. शौकिनांनी छाती पिटली. "एवढी मसल कार आणि तिच्यात दूध?" असं पुण्याच्या सौमित्र पेंडसेनं लिहिलं. हा पेंडसे गाड्यांवरच्या मतांचा मोठा व्यापारी. त्याच्या चॅनेलवर गाडीला नावं ठेवली गेली की आमच्या डिझाइन विभागात जेवण जात नसे. आप्पांना मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाले, "मग काय भरून न्यायचं हुतं? हवा?"

मी तेव्हा बहुतेक दिवस चाचणीच्या ट्रॅकवर असायचे, घरी रविवारपुरती. त्यामुळे फरक लक्षात यायला नवरात्र उजाडलं. दुपारच्या उन्हात गाडी उभी होती आणि मी दारातच थबकले. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना खांदे भरून आले होते. मान पुढे झुकलेली आणि रुंद. मागच्या चाकांवर पुठ्ठे असे गोल आणि घट्ट उतरले होते की त्यांवरून प्रकाश घरंगळत होता. ट्रॅकवर ताशी दोनशेनं पळवलेल्या गाड्यांनाही असं अंग आलं नव्हतं. मी तिच्या प्रवासाची नोंद काढून बघितली. गावातले रस्ते, किटल्यांचं वजन, बैलगाडीला लाजवेल असा वेग. यातला एकही ताण हे घडवायला पुरेसा नव्हता. माझ्याच शोधानं मला येड्यात काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तर मिळालं. आप्पांनी बंबातलं ऊन पाणी बादलीत ओतलं, नारळाच्या काथ्याचा बोळा भिजवला आणि गाडी घासायला घेतली. मानेपासून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पुठ्ठ्यावर, दोन्ही हातांचा भार टाकून. मग शेंगदाण्याचं तेल घेऊन तळव्यानं चोळत बसले. मधूनच "हं, सर बाजूला" म्हणून गाडीला दटावत होते.

"आप्पा, हे कधीपासून चाललंय?"

"कधीपासनं म्हंजे? जनावर दारात आल्यापासनं."

मी पायरीवर बसले. ऊन पाण्यानं ताठ जाळं सैलावत होतं. सैलावलेला धागा निम्म्या ताणातही तुटतो. वर तेलानं हात घसरत न थांबता लांब जायचा, म्हणजे ताण एकाच दिशेनं, रोज, त्याच वाटेनं. आप्पांच्या हाताला जी वाट माहीत होती ती म्हशीच्या अंगावरची होती. त्यांनी नकळत गाडीतून म्हैस घडवली होती. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग चाचणीचा नियम आठवला. तो सरळ होता. अंग फक्त चालवून आलेलं हवं. दुसऱ्या कशानं आलं असेल तर गाडी परत घ्यायची, द्रावणात बुडवून सगळे नवे धागे विरघळवायचे आणि पुन्हा सपाट करायची.

मी आप्पांना ते समजावून सांगितलं. ते काथ्या पिळत ऐकत होते.

"मग सांगू नकोस," ते म्हणाले.

"कधीतरी सांगावं लागेल. ही माझ्या कामातली चूक आहे."

"सांग की. पाडवा हू दे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सगरात न्यायची हाय हिला."

मी मान हलवली. पाडव्यापर्यंत माझं विज्ञान थांबू शकत होतं. आप्पा थांबू शकत नव्हते.

वसुबारसेला कंपनीचं आवार फुललं. गाड्या ओळीनं उभ्या, आणि शौकीन त्यांच्या भोवती हात मागे बांधून फिरत होते. कोणी म्हणत होतं नाशिकच्या गाडीचा पार्श्वभाग नजाकतीचा आहे, कोणी म्हणत होतं नजाकत हवी असेल तर दुसरी गाडी घ्या. आमचे डिझाइनप्रमुख मिहीर दाभाडे सगळ्यांची मतं हसतमुखानं गिळत होते. पेंडसे आप्पांच्या गाडीपाशी येऊन थांबला. सगळे भोवती गोळा झाले. त्यानं एक फेरी मारली, उकिडवा बसून खालून बघितलं, उठला आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "मंडळी, स्पष्ट बोलतो. ही मसल कार नाहीये. ही म्हैस आहे म्हैस."

पुण्याहून आलेले हसले. कोल्हापूरचे हसले नाहीत. त्यांनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी फेटा सारखा केला. त्यांचं तोंड लग्नातल्या नवऱ्या मुलासारखं खुललं होतं.

"बघा," ते आजूबाजूच्यांना म्हणाले, "पुण्यास्नं आलाय, पर पारख हाय पोराला."

पेंडसे गोंधळला. टोमणा मारल्यावर समोरच्यानं आभार मानले तर पुढे काय बोलायचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसावं. पण माणूस प्रामाणिक होता. तो पुन्हा गाडीकडे वळला आणि या वेळी कॅमेऱ्याकडे पाठ करून तिला निरखत राहिला.

"काका, खरं सांगू का," तो शेवटी म्हणाला, "आवडली की नाही ते मला कळत नाहीये, पण नजर हलत नाही हिच्यावरून. बाकीच्या गाड्या रागावल्याचं नाटक करतात. ही तशी नाही, हिला माहितीये आपण कोण आहोत ते. कुठल्या रस्त्यांवर चालवता हिला? असं अंग आणणारा ड्रायव्हर मी तरी बघितला नाही."

आप्पांनी नुसतं "आंबा घाट" म्हटलं असतं तरी गाडी जिंकली असती आणि पाडव्यालाही दारात असती. माझी नजर त्यांच्यावर खिळली होती, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढताना मला दिसली. हाताच्या कामाचं श्रेय रस्त्याला जात होतं. ते त्यांना सोसणं शक्यच नव्हतं.

"रस्त्यानं कुठं अंग येतंय व्हय?" ते म्हणाले. "रस्त्यानं चाक झिजतंय. अंगाला हात लावावा लागतोय, पावणं. रोज. ऊन पाणी, काथ्या नि तेल. मग येतंय असलं."

आणि त्यांनी सगळ्यांदेखत दोन्ही तळवे मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवून दाखवले.

दाभाडे माझ्याकडे वळले. "प्रणोती, हे शक्य आहे?"

"आहे," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लपवावंसं वाटतही नव्हतं. मी पुढे झाले आणि ऊन पाण्यानं काय होतं, तेलानं काय होतं, ते सगळ्यांना समजावून दिलं. "हातानं काही होत नाही असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. होतं, आणि काय होतं ते तुमच्यासमोर उभं आहे. हे माझ्या वडिलांचे हात आहेत."

टाळ्या पडल्या, पण नियम टाळ्यांनी बदलत नाहीत. दाभाड्यांनी मला बाजूला घेतलं. गाडी स्पर्धेतून बाद, आणि आजच्या आज धुवायला आत घ्यायची. नाहीतर बाकीच्या चाचणीवर कोण विश्वास ठेवणार? मी म्हटलं, पाडवा होऊ द्या. ते म्हणाले, एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते. माझा आवाज चढायला लागला होता, तेवढ्यात मागून आप्पा आले. त्यांच्या हातात गाडीची किल्ली होती.

"न्या," त्यांनी ती दाभाड्यांच्या हातावर ठेवली. "धुवून टाका. हात हितंच हाईत."

आम्ही बसनं घरी आलो. वाटेत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं रडतील. उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, "परत कधी देणार?"

"मी स्वतः उभी राहून करून घेते. पाडव्याला सकाळी."

"मग झालं तर."

पाडव्याला सकाळी मी गाडी आणली तेव्हा गल्लीतली माणसं बघायला बाहेर आली. खांदे गेले होते, पुठ्ठे गेले होते. जेवायला बसायच्या पाटासारखी सपाट गाडी, त्यावर काळा रंग. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आप्पांनी मात्र बंब पेटवला होता. त्यांनी तिला नेहमीसारखी घासली, तेल लावलं, आरशांना मोरपिसं बांधली आणि चंद्रीची कवड्यांची माळ पुढच्या जाळीवर अडकवली. मग त्यांनी आपली जुनी, पेट्रोलवर चालणारी मोटरसायकल बाहेर काढली. तिला आता वर्षातून या एका दिवसापुरतीच रस्त्यावर यायची परवानगी मिळते.

"ती मागं मागं यायची सोय चालू कर," ते मला म्हणाले.

जगातल्या तमाम शौकिनांना जिचा उपयोग सापडला नव्हता ती सोय मी चालू केली. आप्पांनी किक मारली. सायलेन्सर नसलेली मोटरसायकल पेठभर कडाडली, आणि तिच्या मागून, मान खाली घातल्यासारखी, आमची रांगडी निघाली. पुढे गौळवाड्यातल्या म्हशी, मागे गौळवाड्यातल्या म्हशी, आणि मध्ये ती. हलगी वाजत होती. कडेचे लोक शिट्ट्या मारत होते. पंचगंगेच्या वळणावर कोणीतरी ओरडलं, "काय हिंदुराव, औंदा म्हैस आजारी हाय व्हय?"

हशा पिकला. आप्पांनी मोटरसायकल थांबवली. मागे रांगडीही थांबली. त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे.

"आजारी कशानं असंल?" ते म्हणाले. "रेडकू हाय. वाढंल."

मग एक म्हातारा गवळी आपली म्हैस पोराच्या हाती देऊन पुढे आला आणि त्यानं रांगडीच्या पाठीवरून हात फिरवला, नव्या रेडकाच्या पाठीवरून फिरवतात तसा. त्याच्या मागून आणखी कोणी आलं, मग आणखी कोणी. मी कडेला उभी राहून रडत होते, आणि छाती अशी भरून आली होती की माझंच अंग वाढतंय की काय असं वाटलं.

त्या नव्या वर्षात बरंच झालं. कंपनीनं आधी हाताला दाद न देणारी कडक कातडी करायचा घाट घातला. पण पेंडसेनं तो सगर आपल्या चॅनेलवर दाखवला होता, आणि देशभरातले शौकीन म्हणू लागले, कातडी मऊच ठेवा. आता लुधियानाची रांगडी वेगळी दिसते, मदुराईची वेगळी. इंदूरमध्ये एका आजीबाईंनी कणीक मळतात तशी मळून काढलेली गाडी आहे, आणि तिच्यावरून शौकिनांत अजून दोन तट आहेत. दाभाड्यांचा डिझाइन विभाग पूर्वी गाड्यांना आकार द्यायचा, आता आलेले आकार बघून थक्क होतो. ऊन पाण्याचं गणित मी नीट मांडून छापलं, आणि त्यावर माझ्या नावाशेजारी हिंदुराव गवळी हे नाव आहे. मी भांडून घातलं आहे.

आणि मी पहाटे घरून निघायच्या आधी काथ्या हातात घ्यायला लागले. पहिल्या दिवशी आप्पा म्हणाले, "गुदगुल्या करतीस व्हय तिला? भार टाक." मग त्यांनी गाडी मधोमध वाटून दिली. उजवं अंग त्यांचं, डावं माझं. त्यांचा खांदा लवकर भरला, गोल, भारदस्त. माझा उशिरा आला, जरा लांबट आणि तिरका. वाटा निराळ्या, कारण हात निराळे. आप्पा रोज त्याच्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. माझ्या पदव्यांबद्दलही ते कधी काही बोलले नव्हते, म्हणून मी वाट बघत नव्हते. म्हणजे, बघत होते.

पुढच्या पाडव्याला पेंडसे भल्या सकाळी कॅमेरा घेऊन आमच्या दारात हजर झाला. रांगडी सजून उभी होती. त्यानं सवयीनं फेरी मारली आणि उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. "काका, हा खांदा म्हणजे काय काढलाय तुम्ही. डावा थोडा कमी भरलाय, पण चालेल, मी इकडूनच घेतो."

आप्पा फेटा बांधत होते. त्यांनी शेवटचा पीळ घातला, त्याच्या कोपराला धरलं आणि त्याला गाडीच्या पलीकडे आणून उभं केलं.

"हितनं काढ," ते म्हणाले. "ही बाजू माझ्या पोरीची हाय."